मदत हवी आहे: सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसला केंद्राचं अनुदान मिळेल का? (मुलुंड)

मुलुंडकर_३२०
मंडळी, ३२० घरांचं संकुल आहे. ओला कचरा रोज साधारण ४०० किलो, म्हणजे महापालिकेच्या १०० किलोच्या मर्यादेच्या बराच वर, त्यामुळे तो आवारातच जिरवणं भाग आहे. कंपोस्टऐवजी बायोगॅस करायचं कमिटीत ठरलंय. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात ४ कोटींपर्यंत मदत मिळते आणि तेल कंपन्या गॅस विकत घेतात, असं एका विक्रेत्याने सांगितलं. यातलं आम्हाला काय लागू होतं? अर्ज कुठे करायचा? जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर आहे.

वायुवेध
४ कोटींचा आकडा खरा आहे, पण तो दर ४८०० किलो प्रतिदिन क्षमतेच्या बायोसीएनजीमागे (शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस), तोही नव्या प्रकल्पाला. कमाल मर्यादा १० कोटी. तुमच्या ४०० किलो कचऱ्यातून रोज ३० ते ४० घनमीटर बायोगॅस निघेल. शुद्ध केलात तर जेमतेम १५ किलो. आयएस १६०८७ या भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान ९०% लागतो, आणि त्यासाठीचं शुद्धीकरण व कॉम्प्रेसर एवढ्याशा गॅसला कधीच परवडत नाही. तेल कंपन्यांनी असा गॅस विकत घ्यायची २०१८ ची 'सतत' योजना, शहर गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून १% आणि २०२८-२९ पासून ५% सीबीजी (बायोसीएनजीचंच दुसरं नाव) मिसळण्याचं बंधन, हे सगळं मोठ्या प्रकल्पांना बाजार मिळावा म्हणून आहे. विक्रेत्याने हे दाखवून मोठं यंत्र गळ्यात मारू नये, म्हणून आधी हे स्पष्ट लिहिलं.

तुमचं प्रकरण त्याच कार्यक्रमाच्या बायोगॅस विभागात बसतं. रोज १ ते २५ घनमीटरच्या संयंत्राला आकारानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपये. २५ ते २५०० घनमीटरला वीजनिर्मितीसाठी प्रति किलोवॅट ३५,००० ते ४५,०००, आणि गॅस नुसता चुलीसाठी जाळायचा असेल तर त्याच्या निम्मे. चुलीच्या गॅसलाही किलोवॅटचाच हिशोब लावतात, आणि तुमचा प्रकल्प चार किलोवॅटच्या आसपास धरला जाईल. कमाल दर, म्हणजे प्रति किलोवॅट २२,५०० रुपये मिळाला तरी रक्कम ९०,००० च होते. बजेट त्या हिशोबाने मांडा. अनुदान मिळालं नाही तरी प्रकल्प उभा राहील, एवढा निधी हातात असू द्या.

चौकशी महाऊर्जाकडे (राज्य सरकारची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) करा. हे दर कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्याचे, आणि तो २०२१-२२ ते २०२५-२६ असा होता, तेव्हा सध्या लागू असलेलं परिपत्रक मागून घ्या. मंजुरीपत्र हातात येण्याआधी टाकीची ऑर्डर देऊ नका.

पाचक_टाकी
पोडियमचं आधी बघा, अनुदान नंतर. ४०० किलो कचरा आणि तेवढंच पाणी म्हणजे रोज ८०० लिटर रबडी. ३० दिवस मुरायला २४ घनमीटर लागतात, म्हणजे स्लॅबवर २४ टन, टाकीचं वजन वेगळं. बहुतेक पोडियम बागेची माती आणि गाड्या धरून बांधलेले असतात. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी दाखला आणि अग्निशमन दलाची परवानगी, दोन्ही घ्या. तळघरात तर अजिबात नको. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि माणूस जातो.

सुरुवात ३-४ टन ताज्या शेणाने करा. मुंबईत तबेल्यांतून मिळतं. पहिल्या आठवड्यात रोज ४० किलोच कचरा घाला, मग दर आठवड्याला थोडा वाढवत न्या. घाई इथेच नडते. उरलेला भात, पोळ्या, गोडधोड लगेच आंबतं, आम्ल वाढतं आणि मिथेन करणारे जिवाणू मंदावतात. पीएच (रबडी किती आंबट झाली त्याचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) रोज मोजा. ६.८ ते ७.२ ठीक. ६.५ च्या खाली गेला की भरणा बंद करा, थोडी चुन्याची निवळी आणि शेण घाला, वर येईपर्यंत थांबा. गॅस भरपूर दिसतोय पण पेटत नाही, याचा अर्थ त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त आहे. कारण बहुधा हेच आम्ल.

करवंट्या, हाडं, आंब्याच्या कोयी, अंड्याची टरफलं, लिंबा-मोसंबीच्या साली बाजूला काढा. गणपतीतलं निर्माल्यही कंपोस्टला द्या, हारांचे दोरे पंपात अडकतात.

मुलुंडकर_३२०
खूप आभार. गॅस घरोघरी देता येईल का? आणि उरलेल्या रबडीचं काय?

पाचक_टाकी
घरोघरी नको. ३५ घनमीटर म्हणजे साधारण १५ किलो एलपीजी, दिवसाला एक घरगुती सिलिंडर. दाबही कमी असतो, त्यामुळे लांब पाइपात ज्योत टिकत नाही. एकच मोठा ग्राहक धरा: क्लबहाऊसचं स्वयंपाकघर, कर्मचाऱ्यांचा मेस किंवा शेजारचं वसतिगृह. एलपीजीचा बर्नर तसाच चालणार नाही, जेटचं भोक मोठं लागतं. वाटेत लोखंडाच्या किसाचा फिल्टर बसवा, नाहीतर सल्फाइडने बर्नर गंजतो. पाइपला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाइपात साचलेलं पाणी काढायला नळ ठेवा. पावसाळ्यात तो रोज उघडावा लागतो.

रबडी रोज ८०० लिटर बाहेर पडणार. एवढी बागेला जिरत नाही. गाळून घट्ट भाग कंपोस्टमध्ये घाला, पातळ पाणी पुढच्या भरण्यात वापरा, पण भरण्याच्या पाण्याच्या निम्म्याच्या वर नको. अमोनिया साचतो आणि पुन्हा गॅस कमी होतो.

वायुवेध
अर्जात गॅस कुठे जाणार ते नावानिशी लिहा, आणि त्या ग्राहकाचं संमतीपत्र जोडा. गॅस मीटर पहिल्या दिवसापासून लावून रोजची नोंद वहीत ठेवा. तपासणीला आलेला माणूस हेच मागतो.