दगडावर लावलेली धार दोन दिवसही टिकत नाही

प्रश्न

नमस्कार. गेले तीन महिने मी स्वयंपाकघरातील सुऱ्यांना, कोन धरून ठेवणारे कोणतेही साधन न वापरता, दगडावर धार लावायला शिकत आहे. माझ्याकडे ४००, १००० आणि ६००० ग्रिटचे (आकडा जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक) पाण्याचे, म्हणजे ओले करून वापरायचे, दगड असून प्रत्येकावर मी दोन्ही बाजूंनी मोजून वीस-वीस हात फिरवतो. त्यानंतर सुरी कागद सरळ चिरत जाते. मात्र दोन दिवसांच्या वापरानंतर तीच सुरी बोथट भासू लागते, आणि टोकाकडचा साधारण तीन सेंटिमीटरचा भाग तर पहिल्यापासूनच कागद नुसता फाडतो. हात स्थिर नसल्यामुळे असे होत असावे. कोन पक्का होण्यासाठी कोणता सराव करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या वर्णनावरून हातापेक्षा वीस मोजण्याच्या सवयीचा दोष अधिक वाटतो. किती वेळा घासले, याला महत्त्व नाही. घासणे थेट काठापर्यंत पोहोचले की नाही, एवढेच पाहायचे असते. ते पोहोचले की धातूची अत्यंत बारीक कड पलीकडच्या बाजूला उलटते, तिला बर म्हणतात. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर, हलकेच ओढला की ती खरखरीत लागते (अंगठा धारेच्या लांबीने कधीही फिरवू नये). मुठीपासून टोकापर्यंत ही बर अखंड लागेपर्यंत बाजू बदलायची नाही, मग वीस हात लागोत वा ऐंशी.

धार न टिकण्याचे कारणही बहुधा ही बरच आहे. ती नीट न काढता ६००० च्या दगडावर गेल्यास तीच घासून तीक्ष्ण होते, कागद सुरेख कापते आणि वापरताना फळीवर टेकता टेकता दुमडते किंवा तुटून पडते. खाली उरतो तो बोथट काठ. म्हणून १००० च्या दगडावरच दाब कमी करत जावे आणि अखेरचे काही हात, एक या बाजूने व एक त्या बाजूने, जवळजवळ सुरीच्या वजनानेच फिरवावेत. मग धार वर करून दिव्याखाली धरावी. एखादा पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली, तर तेथे काम शिल्लक आहे, कारण खऱ्या धारेवर प्रकाश परतण्याइतकी जागाच नसते.

सध्या ६००० चा दगड बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. ४०० चा तर खूप बोथट किंवा खाच पडलेल्या पात्यालाच लागतो.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. फक्त कोनाविषयी थोडे लिहितो. कोन अंशांत आठवत बसण्यापेक्षा पात्याची पाठ दगडापासून किती उचलली, ते पाहावे: पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल, तर पाठ सुमारे १२ मिलिमीटर उचलल्यावर १५ अंश होतात. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावून दोन-तीन हात फिरवावेत. काठालगत शाई राहिली तर कोन कमी आहे; वरच्या बाजूस राहिली तर जास्त.

टोकाकडे धार वर वळते, त्यामुळे मूठ त्याच उंचीवर राहिली की तेथील काठ दगडाला लागतच नाही. टोकाकडे जाताना मूठ हळूहळू उचलत न्यावी. शिवाय दगड मध्ये खोलगट झाला आहे का, तेही तपासावे. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, सपाट काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर तो घासल्यास मधल्या रेघा मागे राहतात. त्या पूर्ण जाईपर्यंत घासावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शाई लावून पाहिली, तेव्हा मुठीजवळ ती स्वच्छ निघाली होती आणि टोकाकडे काठालगत काळी रेघ तशीच होती. म्हणजे तीन महिने त्या भागाला मी दगड लावतच नव्हतो. एका बाजूची बर अखंड लागायला साठाहून अधिक हात लागले. १००० वरच थांबून, दाब कमी करत ती काढली. आज चौथा दिवस आहे आणि सुरी अजून कागद अडखळल्याशिवाय चिरते. टोकाचा शेवटचा अर्धा सेंटिमीटर तेवढा राहिला आहे. मूठ आणखी थोडी उचलून तो उद्या पुन्हा घासतो.