इंग्रजी मेलमधले फुकटचे शब्द कसे काढता?

बेदाणे_तासगाव:
बेदाण्याच्या एक्स्पोर्टचं कागदकाम बघतो. शिक्षण मराठी माध्यमात, त्यामुळे इंग्रजी मेलसाठी आधीच्या साहेबांच्या फायलीतली वाक्यं उचलतो. परवा नेदरलँड्सच्या गिऱ्हाइकाला लिहिलं: 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हेअरविथ द अटॅच्ड पॅकिंग लिस्ट इन पीडीएफ फॉरमॅट. काइंडली चेक द सेम अँड रिव्हर्ट बॅक टू अस अ‍ॅट द अर्लिएस्ट.' त्याने विचारलं, 'रिव्हर्ट टू व्हॉट?' मुलगी म्हणते, बाबा, अर्धे शब्द काढा. काढले की मला ते उद्धट वाटतं. काय ठेवू?

निवृत्त_स्टेनो:
एन्क्लोज्ड, हेअरविथ, अटॅच्ड... तिघांचं काम एकच, 'सोबत जोडलंय' सांगायचं. पीडीएफमधला एफ म्हणजेच फॉरमॅट. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. 'उत्तर द्या' या अर्थाने तो आपल्याकडे चालतो, तिकडचा माणूस गोंधळणारच. त्यावर पुन्हा बॅक, म्हणजे पिवळा पीतांबर! एवढंच लिहा: 'द पॅकिंग लिस्ट इज अटॅच्ड. प्लीज कन्फर्म द वेट्स बाय फ्रायडे.' अर्लिएस्ट कधी उगवत नाही, शुक्रवार उगवतो. आणि उद्धट कसलं? प्लीज आहे की. आम्ही तारेच्या जमान्यातले, शब्दामागे पैसे पडायचे. २०१३ साली तार बंद झाली, सवय नाही गेली.

काळा_कोट:
मेल खुशाल छाटा, पण कायद्याच्या कागदांतल्या एकाच अर्थाच्या शब्दजोड्यांना वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. 'विल अँड टेस्टामेंट' म्हणजे मृत्युपत्रच घ्या. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं, कायद्यात फ्रेंच आणि लॅटिन शिरलं, मग देशी शब्दाशेजारी परका शब्द बसू लागला. विल जुनं इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिनमधून आलेलं. आपलं 'कागदपत्र' तसंच की: कागद फारसीतून, पत्र संस्कृत. त्यातलं पत्र काढून बघा, तलाठी कोरा कागद पुढे करेल.

बेदाणे_तासगाव:
स्टेनोकाका, तुमची दोन वाक्यं जशीच्या तशी पाठवली. तासाभरात उत्तर आलं, वजनं बरोबर आहेत म्हणून. फक्त शेवटी 'थँकिंग यू इन अ‍ॅडव्हान्स' तसंच ठेवलं. मुलगी हसली, पण ते काही काढवेना.