आजीवर एक पान लिहायचंय, पण वाचणाऱ्यांना मराठी येत नाही

ठाण्याचा_नातू:
नमस्कार मंडळी, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना शनिवार तेली म्हणायचे. माझी आजी 1963 ला आजोबा आणि पोरांना घेऊन इस्रायलला गेली, बाबा तेवढे नुकतेच नोकरीला लागलेले म्हणून मागे राहिले आणि मग राहिलेच. आजी गेल्या वर्षी तिकडेच, दिमोना गावात वारली, 98 वर्षांची होऊन. आता वर्षाचा दिवस येतोय आणि तिकडच्या चुलतभावाने मला सांगितलंय की तू आजीवर एक पान लिही, आम्ही हिब्रूत करून पतवंडांना वाचून दाखवू.

चार वेळा लिहिलं आणि खोडलं. "कष्टाळू होती, प्रेमळ होती, सगळ्यांना धरून होती" असलं होतंय, ते कुणाच्याही आजीला चिकटवा. घरात तिला पोरं, सुना, जावई, शेजारच्या मोरोक्कन बाईसकट सगळे आईच म्हणायचे आणि तिला विचारल्याशिवाय तिथे फ्रीजपण घेतला जायचा नाही, हे कसं लिहू? शिवाय तिचे सण! योम किपूर आणि तिशा बआव हे आमचे उपासाचे दिवस, तर योम किपूर म्हणजे तिचा दारफाळणीचा सण, तिशा बआव म्हणजे बिरड्याचा सण. हे हिब्रूत कसं न्यायचं? कुणी असं काही लिहिलंय का?

अष्टागर:
आम्ही अलिबागकडचे, तुमच्यातले नाहीत, पण शेजार जुना. नवगावची तुमची जुनी दफनभूमी लहानपणापासून पाहिलेली आहे, तुमच्या पूर्वजांची बोट फुटून सात जोडपी वाचली ती कहाणी आमची आजीपण सांगायची. माझं मत, सणांची नावं भाषांतर करू नका, तशीच ठेवा. पोरं विचारतील बिरडं काय, मग कुणीतरी सांगेल. सगळंच समजलं तर विचारणार काय?

लोदची_सून:
मी लग्न करून इथे इस्रायलला, लोदला आले, सासूबाई बेने इस्रायल, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आणि गोड आहे. दोन गोष्टी सांगते.

एक, तारीख बघून मला वाटलं, तुमच्याकडे 1962 ते 64 मध्ये कुणाचं लग्न होतं का? तेव्हा इथल्या ज्यू धर्मपीठाने आपल्या लोकांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करायचा फतवा काढला होता, हे ज्यू नक्की आहेत का म्हणून. मग 1964 ला जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, त्याच वर्षी संसदेने ठराव केला की हे सगळ्या बाबतीत ज्यूच. आमच्याकडे सासूबाई यावर बोलत नाहीत, विषय निघाला की उठून भांडी लावायला लागतात.

दुसरं, मोबाइल समोर धरून "तुमच्या आठवणी सांगा" म्हणू नका हो, गप्प बसतात. मी सासूबाईंना वाल सोलायला बसवलं आणि फोन तांदळाच्या डब्याआड ठेवला, तासभर बोलल्या. अर्धा वेळ माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात गेला तो भाग वेगळा 😄

सुरमई_फ्राय:
नारळाच्या दुधातलं मटण आणि गव्हाच्या चिकाचा हलवा यांच्यावर लिहिलंत तर आम्हीपण वाचू. मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही म्हणून सगळीकडे नारळाचं दूध, हे मला माझ्या ठाण्यातल्या शेजारणीने सांगितलेलं, तोवर मी तिला नारळाची हौस आहे समजत होतो.

ठाण्याचा_नातू:
लोदच्या ताई, तुम्ही बरोब्बर नस पकडली. आत्याचं लग्न 1964 चं. मी आज मुद्दाम तिला फोन केला, आधी "सोड ना ते" म्हणाली, मग बोलली. तारीख ठरलेली, साडी आणलेली आणि धर्मपीठाच्या माणसाने कागद मागितले, आजीच्या आईचे, तिच्या आईचे. आजीकडे कागद कुठले, ती कधी शाळेत गेली नव्हती. तर ती त्या माणसाला मराठीत म्हणाली, "माझ्या आईचं काय विचारतोस, नवगावात जा आणि कबरींना विचार." तो माणूस दुभाष्याकडे बघतोय, दुभाष्या आजीकडे बघतोय, आणि आजोबा, जे कापडगिरणीत दिवसभर आवाजात काम करून तसेही मोठ्याने बोलायचे, ते एकदम गप्प. लग्न लांबलं, झालं मात्र.

हे मला पन्नाशीला आल्यावर कळतंय! मी चारदा दिमोनाला गेलोय, दरवेळी पोहे, कोकम आणि कडवे वाल बॅगेत घेऊन, आणि तिने मला फक्त एवढंच विचारलं की ठाण्याच्या देवळात, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, शनिवारी प्रार्थनेला लागतात तेवढी माणसं जमतात ना दहा.

पान तिथूनच सुरू करतोय, त्या एका वाक्यापासून. चुलतभाऊ म्हणतो "कबरींना विचार" हिब्रूत फार उद्धट वाटेल, जरा सौम्य करू का. मी म्हटलं हात लावशील तर याद राख, मराठीतपण उद्धटच होतं ते.

आत्याकडे मी गेल्या वर्षी नेलेले वाल शिल्लक आहेत. ती आज रात्री भिजत घालणार आहे, मोड आले की व्हिडिओ कॉल लावून सोलायला बसेल, पतवंडांतल्या दोघी तिच्या शेजारी. अष्टागर, बिरडं म्हणजे काय ते त्या आधीच विचारून बसल्यात.