सरप्लिस म्हणजे नेमकं काय? शब्द कुठला आहे?

शिलाई_सोलापूर
नमस्कार मंडळी. आमचं युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, शाळेचे ड्रेस, ॲप्रन असलं काम नेहमीचं, पण आता एका चर्चच्या गायकांसाठी नाताळच्या आधी द्यायची ऑर्डर आलीय, लाल कॅसॉक आणि त्याच्यावर पांढरा सरप्लिस. कॅसॉक कळलं, पाद्री घालतात तो पायघोळ झगा. पण सरप्लिसचा नमुना बघून आमचे कटिंग मास्तर म्हणायलेत की एवढा घेर न एवढी रुंद बाही कशाला, कापड उगंच जायलंय, मुंढा आत घेऊ. नमुन्याला हात लावायच्या आधी मला कळायला पाहिजे हे काय आहे ते. शब्द इंग्रजीच आहे का?

जुनी_पोथी
मास्तरांना आधी थांबवा ओ, घेराचं कारण शब्दातच आहे. मूळ मध्ययुगीन लॅटिन, सुपरपेलिसियम. सुपर म्हणजे वरचं, पेलिस म्हणजे कातडं, म्हणजे केसाळ कातड्याच्या अंगरख्यावरून घालायचं वस्त्र. तेच जुन्या फ्रेंचमधून घासत घासत इंग्रजीत सरप्लिस झालं. उत्तर युरोपातली दगडी चर्चं हिवाळ्यात बर्फासारखी गार, तासन् तास उभं राहून प्रार्थना म्हणायच्या, म्हणून पाद्री लोक आत फर घालायचे. आधीचं पांढरं वस्त्र होतं आल्ब, त्याच्या बाह्या अरुंद, ते फरवरून चढेना. मग ढगळ सरप्लिस निघाला, 11 व्या शतकापासून त्याचे उल्लेख सापडतात. फर गेली, घेर राहिला. आता तो घेरच त्याची ओळख आहे, तो काढला तर नुसता पांढरा शर्ट होईल.

रेल्वेलाईन्सकर
वरचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. या कपड्यावरून इंग्लंडात मोठं भांडण झालंय. 1566 मध्ये आर्चबिशप पार्कर यांनी उपासनेत सरप्लिस घातलाच पाहिजे असा आदेश काढला आणि प्युरिटन लोकांनी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून जुने रोमन रिवाज काढा म्हणणाऱ्या सुधारकांनी, तो रोमन चर्चचा अवशेष म्हणून नाकारला, काहींनी त्यापायी पदं गमावली. आपल्याकडं अहमदनगर-सोलापूर भागात काम केलं ते अमेरिकन मराठी मिशननं, ते काँग्रिगेशनल म्हणजे त्या प्युरिटनांच्याच परंपरेतले. पुढं 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, त्यात सरप्लिस घालणारे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) आणि हे सगळे एकत्र आले. म्हणून एकाच शहरात कुठं सरप्लिस दिसतो, कुठं नाही. मला स्वतःला तो पांढरा रंग फार आवडतो, गायक ओळीनं आत येतात तेव्हा कोण श्रीमंत कोण गरीब काही कळत नाही.

सुईदोरा
शिवायचं सांगते. चुण्या खांद्याच्या योकला नीट भरा, खाली मोकळं सोडा. गळा डोक्यातून जाईल एवढा मोठा, बटण नको. (इंग्लंडात मधल्या काळात पुढनं उघडा शिवायचे, डोक्यावरचा विग बिघडू नये म्हणून!) पूर्वी लिननचा असायचा, तुम्ही सुती घ्या, टेरीकॉट नको, आत कॅसॉक असतोय आणि आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आसपास, ती पोरं घामानं भिजतील. सुती कापड आधी पाण्यातनं काढा, आटतं. आणि लांबी विचारून घ्या, गुडघ्यापर्यंतचा वेगळा आणि कमरेखालपर्यंतचा आखूड, त्याला कॉटा म्हणतात, तो वेगळा.

शिलाई_सोलापूर
लई आभार सगळ्यांचे. मास्तरांना वाचून दाखवलं, घेर आहे तसाच ठेवतोय. लांबीचं आजच फोन करून विचारतो, ऑर्डरमध्ये नुसतं सरप्लिस लिहिलंय.