युरेनियम काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावणातले धातू का सोडायचे?

खडकवेडा (धागाकर्ता)

कझाकस्तानात युरेनियमसाठी डोंगर फोडत नाहीत. वालुकाश्माच्या थरापर्यंत विहिरी पाडतात, पातळ सल्फ्युरिक आम्ल सोडतात आणि युरेनियम विरघळलेलं पाणी उपसतात. युरेनियम रेझिनवर, म्हणजे धातू धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांवर, धरलं जातं. उरलेल्या पाण्यात पुन्हा आम्ल मिसळून ते परत जमिनीत जातं. जगातलं सुमारे ४० टक्के युरेनियम त्या एका देशातून येतं. आपणही तिथून घेतो. २०१५ साली ५,००० टनांचा करार झाला होता.

मला बोलायचंय ते परत जाणाऱ्या पाण्याबद्दल. आम्ल फक्त युरेनियमच विरघळवत नाही. सोबत स्कँडियम हा हलका धातू येतो, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं येतात, काही साठ्यांत रेनियमही. रेनियम ३,००० अंशांच्या वर वितळतं, म्हणून जेट इंजिनाच्या पात्यांत लागतं. ॲल्युमिनियममध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी स्कँडियम घातलं तरी त्याची ताकद बरीच वाढते. या दोन्ही धातूंच्या स्वतंत्र खाणी जवळपास नाहीतच. विहीर खणून झालीय, आम्लाचा खर्च झालाय, पंप चालूच आहेत. मग रेझिनचा आणखी एक टप्पा का नको? रशियात कुर्गान प्रांतातल्या दालूर या युरेनियम कंपनीने स्कँडियम असंच काढून पाहिलंय.

पाणवठा

असहमत. ते पाणी तुम्हाला द्रावण दिसतं, मला भूजल दिसतं.

चेक प्रजासत्ताकातलं स्त्राझ पोड राल्स्केम बघा. तिथे काही दशकांत ४० लाख टनांहून जास्त सल्फ्युरिक आम्ल जमिनीत गेलं. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं, सफाई अजून चालू आहे. जितके धातू विकता येतील तितके दिवस आम्ल फिरवत ठेवायचा मोह होणार. युरेनियम संपलं की थांबणारी खाण उद्या स्कँडियमच्या भावावर चालेल.

खडकवेडा

स्त्राझचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे सफाई करताना दूषित द्रावण वर काढतात, त्यातून तुरटी वेगळी करतात, थोडं युरेनियमही मिळतं. म्हणजे धातू काढणं हाच सफाईचा भाग झालाय. विकण्याजोगं काही हाती येत असेल तर पंप चालवायला पैसा राहतो.

भट्टीवाली

धातुशास्त्र शिकवते, म्हणून थोडं आकड्यांबद्दल. अशा द्रावणात युरेनियम लिटरमागे काही दहा मिलिग्रॅम असतं. स्कँडियम बहुधा एक मिलिग्रॅमच्याही खाली. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम प्रचंड. रेझिनला इतक्या गर्दीतून स्कँडियम निवडायचं असतं. 'आणखी एक टप्पा' म्हणताना हे विसरू नये. आणि स्कँडियमची बाजारपेठ इतकी छोटी आहे की एका मोठ्या प्रकल्पानेच भाव पडू शकतो.

तरी कल्पना वेडगळ नाही. झारखंडातल्या जादूगोड्याला युरेनियमच्या खनिजातून तांबं, मॉलिब्डेनम आणि मॅग्नेटाइट हे लोहखनिज वेगळं काढलेलं आहे. मॅग्नेटाइट कोळसा धुण्याच्या कारखान्यांत चालतं. पण तो दळलेला कठीण खडक होता, फिरतं पाणी नव्हतं.

पाणवठा

ताई, नेमका हाच फरक मला म्हणायचाय. जादूगोड्याचा अवशेष तळ्यात दिसतो, त्यावर बोट ठेवता येतं. इथे सगळं जमिनीखाली.

खडकवेडा, सफाईत धातू काढायला माझी हरकत नाही. ते उपसलेलं पाणी शुद्ध होऊनच बाहेर पडेल. हरकत आहे उत्पादन चालू असताना जोडधातूंसाठी मुदत वाढवण्याला. परवान्यात बंद करायची तारीख युरेनियमवर ठरावी, आणि सफाईचा पैसा पहिल्या विहिरीआधीच बाजूला ठेवलेला असावा. स्कँडियम विकून सफाई करू, हे मला मान्य नाही. भाव पडला की सफाईही थांबेल.

खडकवेडा

पैसा आधी बाजूला ठेवायचा, हे पटलं. तारखेचं मात्र नाही. एकाच जागेवरून दोन धातू मिळाले तर दुसऱ्या धातूसाठी दुसरीकडे जमीन फोडावी लागत नाही, ते कोणी मोजतच नाही.

पाणवठा

मोजू या. पण त्या जलधरावर, म्हणजे भूजलाच्या थरावर, शेळ्यामेंढ्या पाजणाऱ्याला विचारून मोजू या.