विषय : डिचोलीच्या घरासाठी कुत्रा, त्याचा विमा आणि आईचा नकार

प्रेषक : रीडिंगची एक सभासद
दिनांक : ९ जून

सप्रेम नमस्कार,

एरवी गणेशोत्सवाची वर्गणी कळवण्यापलीकडे मी या ईमेल यादीवर काही लिहीत नाही, पण आज एका घरगुती प्रश्नावर आपला सल्ला हवा आहे. मी इंग्लंडमध्ये रीडिंगला असते, माझे आई-वडील गोव्यात डिचोलीत राहतात. बाबांना ७६ वर्षे पूर्ण झाली, आई ७१ वर्षांची आहे. घर जुने, चिऱ्याचे. मागे माड आणि फणस. शेजारची दोन घरे चार वर्षे कुलूपबंद. मार्चमध्ये त्यांतल्या एका घराचे मागचे दार कोणीतरी फोडले, तेव्हापासून मी इथे फोन उशाशी घेऊन झोपते.

त्यांच्यासाठी एक कुत्रा घ्यावा असे माझ्या मनात आहे. ओळखीच्या एकाने राखणीसाठी रॉटवायलर सुचवला, दुसऱ्याने सोबतीसाठी लॅब्राडोर. माझा इथला कुत्रा विमा उतरवलेला आहे आणि गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा बहुतेक खर्च विमा कंपनीनेच दिला, त्यामुळे डिचोलीच्या कुत्र्याचा हप्ताही इथूनच दरमहा भरावा असे वाटते. हे शक्य आहे का? आणि विकत घेण्याऐवजी दत्तक घ्यायचा असेल तर गोव्यात कोणाकडे जावे? बाबांचा होकार आहे. आई मात्र ‘या वयात मला आणखी एक बाळंतपण नको’ एवढेच बोलून फोन बाबांच्या हातात देते.

आपली नम्र

प्रेषक : फोंड्याहून, पूर्वीची रीडिंगची सभासद
दिनांक : ११ जून

सस्नेह नमस्कार,

बावीस वर्षे इंग्लंडमध्ये काढून आम्ही नऊ वर्षांपूर्वी फोंड्याला परतलो. सध्या आमच्याकडे दोन कुत्री आहेत, त्यांतली एक म्हातारी आणि बहिरी. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, ते गोड मानून घ्यावे.

रॉटवायलरचा विचार आधी बाजूला ठेवा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले होते. ते उच्च न्यायालयात टिकले नाही. पण गोवा सरकारने २०२५ मध्ये पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावर बंदीचा स्वतंत्र निर्णय घेतला आणि त्यासाठीचे विधेयकही त्याच वर्षी विधानसभेत आले. कायदा क्षणभर विसरला तरी, पन्नास किलोचे जनावर साखळीला हिसका देऊन निघाले तर ते बाबांच्या हातात राहणार आहे का, याचा विचार तुम्हीच करा. सकाळी सायकलवरून भोंपू वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, हा आपल्याकडच्या प्रत्येक कुत्र्याचा जन्माचा वैरी असतो. त्याच्या पायाला दात लागले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या वेळी पोलीस ठाण्यात बाबांना बसावे लागेल, तुम्हाला नव्हे.

आता विम्याविषयी. तिकडची पॉलिसी इकडच्या कुत्र्याला चालणार नाही. मात्र भारतातही कुत्र्यांचा विमा मिळतो. न्यू इंडिया ॲशुरन्ससारख्या सरकारी कंपनीकडे तो पूर्वीपासून आहे, आणि बजाज अलियान्झने २०२० मध्ये आणल्यापासून खासगी कंपन्यांतही बरीच चर्चा झाली. पॉलिसी बाबांच्या नावे घ्या, पैसे तुम्ही भरा. देशी किंवा मिश्र जातीच्या कुत्र्यालाही विमा मिळू शकतो, त्यासाठी वंशावळीचा कागद लागतोच असे नाही. फक्त तिकडच्या विम्याची कल्पना मनात ठेवून इकडे सही करू नका. प्रवेशाच्या वयाला वरची मर्यादा असते, आणि मोठ्या जातींसाठी ती आणखी खाली येते. आधीपासून असलेला आजार धरत नाहीत. लस टोचून टळला असता असा आजार, म्हणजे पार्व्हो किंवा डिस्टेंपर, लसीच्या नोंदी नसतील तर धरत नाहीत. पॉलिसी सुरू झाल्यावर काही दिवस थांबण्याची अट असते, आणि रोजच्या तपासणीचा खर्च बहुधा वेगळ्या जोडणीशिवाय मिळत नाही. सामान्यतः पैसे आधी आपण भरायचे आणि पावत्या लावून मागायचे, त्यामुळे डॉक्टरांकडून शिक्का मारलेली पावती घेण्याची सवय बाबांना लावावी लागेल. आमचा एक दावा पावतीवर कुत्रीचे नाव नव्हते एवढ्या कारणावरून दोन महिने पडून राहिला. तिचे नाव ‘बाय’ आहे आणि डॉक्टरांनी ते आमच्या घरातल्या बाईमाणसाचे समजून गाळले होते, हे कंपनीला लेखी समजावताना मला हसावे की रडावे ते कळेना.

शिवाय गोव्यातल्या कुत्र्याचा खरा खर्च गुडघ्यावर होत नाही, गोचिडांवर होतो. जूनच्या पहिल्या सरीपासून पाऊस थांबून ऊन पडेपर्यंत, आणि त्यानंतरही, तपकिरी गोचीड घराच्या भिंतींच्या फटींत घर करून राहते; चिऱ्याची भिंत गिलाव्याविना असेल तर तिला हजार खोल्यांचा वाडाच मिळाला असे समजा. तिच्यामुळे एर्लिकिया आणि बबेसिया यांचे ताप येतात, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, कुत्रा खाणे सोडतो, कधी नाकातून रक्त येते. वेळीच ओळखले तर एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिनच्या साधारण चार आठवड्यांच्या गोळ्यांनी काम भागते. उशीर झाला तर रक्त चढवण्यापर्यंत वेळ येते. म्हणून महिन्याची गोचीडरोधक गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध वर्षभर चुकवायचे नाही, हा खर्च विम्यात येत नाही आणि टाळताही येत नाही.

यासाठी मी स्वतः जे करते ते सांगते. रोजची छोटी बचत गोळा करायला घरी येणाऱ्या पिग्मीवाल्याकडे कुत्र्यांच्या नावाने वेगळी नोंद ठेवली आहे. थोडे थोडे साठते, आणि डॉक्टरांकडे जाताना कोणाकडे मागावे लागत नाही. विमा असावा, पण माझ्या मते तो मुख्यत्वे दोन गोष्टींसाठी : मोठी शस्त्रक्रिया, आणि कुत्र्याने दुसऱ्याला इजा केली तर द्यावी लागणारी भरपाई. या दुसऱ्या कलमाची रक्कम किती आहे ते पॉलिसी घेताना सर्वांत आधी वाचा. बहुतेक लोक ते वाचतच नाहीत.

दत्तकाबाबत उत्तर गोव्यात बार्देशाकडे बऱ्याच संस्था आहेत. आसगावला इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू अनेक वर्षे काम करते. डिचोलीहून ते फार लांब नाही. मात्र पिल्लू घेऊ नका असे माझे स्पष्ट मत आहे. मेअखेरीस किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी खानावळी, उतरवले जातात, पर्यटक गेलेले असतात, आणि हंगामभर तळलेल्या माशांवर वाढलेली कुत्री एकाएकी उपाशी पडतात. त्यामुळे याच दिवसांत आश्रयगृहे भरतात आणि गोड पिल्लांचे फोटो सगळीकडे फिरतात. पिल्लू रात्री रडते, चपला खाते, सुरुवातीचे काही महिने सारखे बाहेर न्यावे लागते. आईंनी बाळंतपण हा शब्द विचार करूनच वापरला आहे. पाच-सहा वर्षांचा, नसबंदी झालेला, स्वभाव ठरलेला कुत्रा मागा. संस्थेतले लोक आनंदाने देतील, कारण तसे कुत्रे कोणी नेत नाही.

आता जे लिहिते ते कदाचित आवडणार नाही. सोबत म्हणून कुत्रा पाठवायचा हे आपण परदेशी असलेल्या मुलांना सुचते, कारण त्याने आपली झोप शांत होते. मीही सासूबाईंसाठी रीडिंगहून हेच केले होते. त्या कुत्र्याला फिरवताना त्या पावसाळ्यात घसरल्या आणि मनगट मोडले, आणि मला ते आठवड्याने कळवले, कारण ‘तू हौसेने पाठवलास’. म्हणून आईंना ‘का नको’ असे विचारू नका, ‘काय काय करावे लागेल असे तुला वाटते’ असे विचारा आणि त्या जी यादी सांगतील तिच्यातल्या एकेका कामाला माणूस शोधा. फिरवायला कोण, दिवाळीत नरकासुराच्या रात्री फटाक्यांना भ्यायला तर कोणाच्या खोलीत ठेवायचा, दोघे सहा महिने तुमच्याकडे आले तर तो कुठे राहणार. ही व्यवस्था झाली की मग आसगावला जा.

आणि एक विचारायचे राहिले. तुमच्या फाटकाशी आधीच एखादा कुत्रा बसत नाही ना? गोव्यात असे घर विरळा.

कळावे.

प्रेषक : लेस्टरहून एक सभासद
दिनांक : १२ जून

नमस्कार,

फोंड्याच्या ताईंनी सहा महिन्यांचा मुद्दा काढला म्हणून थोडे लिहितो. आम्ही दोन वर्षांपूर्वी म्हापशाची कुत्री इकडे आणली. केवळ सहा महिन्यांच्या भेटीसाठी हा खटाटोप करू नये, पण आई-वडील कायमचे तुमच्याकडे येण्याची शक्यता असेल तर तयारी आजपासून करावी. आधी कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप, मगच रेबीजची लस. हा क्रम उलटला तर लस पुन्हा टोचावी लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे आणि प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला ०.५ आययू किंवा अधिक यायला हवे. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते, कारण ब्रिटनने मान्य केलेल्या देशांच्या सूचीत भारत नाही. ब्रिटनमध्ये पोहोचण्याच्या आधी पाच दिवस ते २४ तास या अवधीत पट्टकृमीचे (टेपवर्मचे) औषध डॉक्टरांकडून द्यावे लागते आणि विमानात कुत्रा मालवाहतुकीतूनच येतो. लसीची पुढची मात्रा एक दिवस जरी उशिरा दिली तरी रक्ततपासणीपासून सगळे पुन्हा करावे लागते, एवढे बाबांना ठळक अक्षरांत लिहून ठेवायला सांगा.

आपला

प्रेषक : रीडिंगची एक सभासद
दिनांक : १६ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार,

उत्तर द्यायला पाच महिने लागले, त्याबद्दल क्षमस्व. चवथीला डिचोलीला जाऊन आले, त्यामुळे आता जे लिहिते ते डोळ्यांनी पाहिलेले आहे.

फाटकाशी कुत्रा होता. तपकिरी, डाव्या कानाला खाच असलेला. ती खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, हे मला तिथल्या पशुवैद्यांनी सांगितले. नसबंदीबरोबर रेबीजची लसही टोचतात. त्याला कोणत्या वर्षी पकडले होते हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. गोव्याला २०२१ मध्ये देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केले, त्यामागे अशाच कानाला खाच असलेल्या हजारो कुत्र्यांच्या लसी आहेत, असे डॉक्टर बऱ्याच अभिमानाने म्हणाले, आणि तरीही नवी लस टोचून नवे कार्ड केले. चिप आधी बसवली, लेस्टरच्या दादांचा क्रम लक्षात ठेवून.

बाबा त्याला तीन वर्षे बांगड्याची डोकी आणि पेजेतला भात घालत होते. ही गोष्ट घरात आईला माहीत होती, मला नव्हती. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आईला यादी विचारली. तिने अकरा कामे सांगितली आणि त्यांत फिरवणे नव्हते, कारण तो स्वतःच फिरून येतो. तिची खरी अडचण ओसरीवरच्या केसांची आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याची होती. तेव्हा तो उंबरठा ओलांडायचा नाही असे ठरले आणि तो ते पाळतो, निदान आई जागी असेपर्यंत. ओसरी झाडायला येणाऱ्या बाईंना वाढीव पैसे मी देते. माशांची शिजवलेली काटेरी डोकी बंद करायला मात्र बाबांशी दोन दिवस वाद घालावा लागला.

विम्याचे काम अर्धेच झाले. दात पाहून डॉक्टरांनी वय सहा ते सात लिहिले, आणि एका कंपनीने त्यातले मोठे वय धरून अर्ज परत पाठवला. दुसरीने घेतला, दुसऱ्याला इजा झाल्यास द्यायच्या भरपाईसह, पण गोचीड तापाचा खर्च ज्या अटींवर मिळेल त्या वाचल्यावर मी पिग्मीची नोंदही सुरू केली. पासबुकावर कुत्र्याचे नाव लावता येत नाही म्हणून ते बाबांच्याच नावे आहे. नगरपालिकेत नोंदणी करताना मालक म्हणून कोणाचे नाव घालायचे असे विचारले तेव्हा बाबा गप्प राहिले आणि आईने स्वतःचे सांगितले.

नरकासुराच्या रात्री तो कोठारात पोत्यावर झोपला. आई म्हणते की झोपला नाही, रात्रभर थरथरत होता आणि ती दोनदा उठून पाहून आली. पुढच्या वर्षासाठी डॉक्टरांकडून आधीच औषध विचारून घ्यायचे तिने ठरवले आहे.

रक्ततपासणी जानेवारीत करणार आहोत, कारण पुढच्या पावसाळ्यापूर्वी दोघांनी इकडे यावे की नाही यावर घरात पुन्हा बोलणे सुरू झाले आहे. लेस्टरच्या दादांना पिंजऱ्याच्या मापाविषयी वेगळे पत्र पाठवते. शेपटी धरून माप घ्यायचे की सोडून, एवढेच विचारायचे आहे.

आपली नम्र