पुण्याहून एका दिवसात वेडर्स: अक्षी, ऐरोली की आणखी कुठे?

पाषाणची_पिंगळा

नमस्कार मंडळी. पाषाण तलाव, सिंहगडाचा पायथा, भिगवण हे सगळं फिरून झालंय. भिगवणला शेकाटे आणि थोड्याफार तुताऱ्या बघितल्यात, पण समुद्रावरचे वेडर्स (काठच्या वाळू-चिखलात चरणारे पक्षी) निवांत बसून कधी बघितले नाहीत. डिसेंबरात एक शनिवार मोकळा करता येईल. सोबत नववीतला भाचा आहे. त्याला फोटोंपेक्षा यादी वाढवण्यात रस, मला उलट.

अलिबागजवळच्या अक्षीचं नाव बरेच जण घेतात, ऑफिसातला एक जण ऐरोलीच म्हणतो. कुठे जावं? माझ्याकडे क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) आणि ७०-३०० लेन्स आहे. तेवढ्यावर भागेल की १५०-६०० भाड्याने घेऊ? आणि मुख्य म्हणजे, थंडीतले ते सगळे एकसारखे मातकट पक्षी ओळखायचे कसे? पुस्तकात बघितलं की प्रत्येक चित्र बरोबर वाटतं.

ठाणेकर_खाडीवाला

ऐरोली. वनविभागाचं केंद्र आहे, बोट आहे, तिवरांमधून फिरवतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ला रामसरही (पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळालं. भाच्याला फ्लेमिंगोंचे थवे एकदा दाखवाच, शाळेत महिनाभर सांगत बसेल. बोट भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते, त्यामुळे आधी वेळ विचारून बुकिंग करा.

साखरखाडीकर

ऐरोली चांगलीच आहे, पण ताईंना फोटो हवेत आणि वेडर्स हवेत. हलत्या बोटीतून टीचभर पक्ष्याचा फोटो ३००वर? शिवाय फ्लेमिंगो बघायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं, डिसेंबरात भरवसा नाही. अक्षीला या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शनिवार मोकळा आहे म्हणून शनिवारी येऊ नका, तिथी बघून या. आमच्याकडचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा नक्की वेळ तक्त्यात बघून घ्या, पण कॅलेंडरवर नुसती नजर टाकून दिवस ठरवायला हे पुरतं. शुद्ध असो की वद्य, द्वादशी-त्रयोदशी धरा. उजाडतं तेव्हा पाणी चढत असतं आणि नऊ-साडेनऊला भरती पूर्ण. पाणी चढतं तसे पक्षी आपोआप तुमच्याकडे सरकत येतात.

ओहोटीला आलात तर समुद्र लांब गेलेला असतो, सगळे पक्षी पार पाण्याच्या कडेला पसरलेले. मग लोक त्यांच्या मागे धावतात, ते उडतात, हे पुन्हा धावतात. ६०० काय, १२०० लेन्स आणली तरी पुरणार नाही.

भांगाच्या भरतीला (सप्तमी-अष्टमीच्या आसपास) पाणी फार वर येत नाही, त्यामुळे तेव्हा पक्षी तितके जवळ येत नाहीत.

डोंबिवलीचा_दुर्बिणवाला

साखरखाडीकर काकांना +१. त्यात एक भर. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून. सकाळी सूर्य पाठीमागून, पक्ष्यांवर समोरून प्रकाश. संध्याकाळी तेच पक्षी काळे ठिक्कर दिसतात. सूर्यास्ताच्या फोटोसाठी छान, ओळखीसाठी शून्य. दहानंतर वाळू तापते, हवा थरथरते आणि लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढला तरी मऊच येतो. म्हणजे तुमचं खरं काम सात ते साडेनऊ. त्यासाठी पुण्याहून पहाटे निघण्यात अर्थ नाही, वाटेत वडखळला कधी किती अडकाल सांगता येत नाही. आदल्या रात्री नागाव-अक्षीत मुक्काम करा. घरगुती खोल्या भरपूर आहेत.

लेन्स भाड्याने घेऊ नका. नवी जड लेन्स हातात बसेपर्यंत सकाळ संपते. ३००वर भागतं, अट एकच: खाली बसायचं. खरं तर झोपायचं. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी वाळूला चिकटल्यासारखा दिसतो. कचऱ्याची मोठी काळी पिशवी पोटाखाली घ्या, कोपरं टेकवा, आणि पाण्याच्या रेषेपासून थोडं मागे, पक्षी ज्या दिशेने सरकताहेत तिकडे आधीच जाऊन पडून राहा. पहिली दहा मिनिटं ते लांब राहतात, मग तुम्हाला ओंडका समजतात. सँडरलिंग तर लेन्स फोकस करणार नाही इतक्या जवळून जातात. लाट मागे गेली की हे तिच्या मागे, लाट आली की हे पुढे, खो-खो चाललेला असतो नुसता.

शटर १/१६००च्या खाली आणू नका. सँडरलिंगचे पाय त्याहून कमी वेगात येतच नाहीत. पांढरे कुरव आणि सुरय काढताना एक्स्पोजर थोडं उणे, नाहीतर पिसांचा चुना होतो. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर ओलसर फडक्याने बॉडी पुसा, मीठ बसलं की रिंग कुरकुरायला लागते.

साखरखाडीकर

काका नको हो, दादा म्हणा 🙂

टिलवा_टिलवी

ओळखीचं मी सांगते, कारण याच पायी माझा बराच वेळ गेलाय.

रंग विसरा. थंडीत सगळेच मातकट. आधी चालणं बघा. धावला, थांबला, मान ताठ, टोचलं, पुन्हा धावला: हा प्लोव्हर, म्हणजे चिखल्या. डोळे मोठे, चोच आखूड, तो नजरेने शोधतो. मान खाली घालून न थांबता टोचत चाललेला दिसला तर तो सँडपायपर, म्हणजे तुतारी. तो चोचीने चाचपून शोधतो. भाच्याला एवढंच शिकवा आणि अर्धा तास नुसतं वर्गीकरण करू द्या, नावं नंतर.

मग चोच आणि पाय. अक्षीत जे हमखास भेटतील त्यांचं सांगते. सँडरलिंग: सगळ्यात फिकट, चोच काळी सरळ, मागचं बोट नाही (फोटो मोठा करून बघा, मजा येते). डनलिन: चोच टोकाशी खाली झुकलेली. कर्ल्यू सँडपायपर: चोच आणखी लांब, सगळीच बाकदार, उडताना कंबर पांढरी. डनलिनच्या कंबरेत मधून काळी पट्टी जाते. हे दोन बसलेले असताना भांडत बसू नका, उडेपर्यंत थांबा. टेरेक सँडपायपर मात्र कुणालाही ओळखता येतो: चोच वर वळलेली, पाय आखूड पिवळे-नारिंगी, आणि पिसाटासारखा धावत सुटतो.

केंटिश प्लोव्हरच्या मानेमागे पांढरी पट्टी असते आणि छातीवरचा पट्टा मधे तुटलेला. सँड प्लोव्हरला ती मागची पांढरी पट्टी नाही. आता लेसर की ग्रेटर? चोचीची लांबी चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराशी ताडून बघा. चोच तेवढीच किंवा कमी तर लेसर, स्पष्ट जास्त तर ग्रेटर. ग्रेटरचे पायही लांब आणि फिकट हिरवट. आणि हो, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) २०२३पासून लेसरचे दोन केलेत, सैबेरियन आणि तिबेटन. आपल्या बाजूला तिबेटनच धरतात.

कर्ल्यू आणि व्हिंब्रेल: डोक्यावर पट्टे असतील तर व्हिंब्रेल. चोचीच्या लांबीवर जाऊ नका, कर्ल्यूच्या पिल्लांचीही आखूड असते.

मर्लिनवर (पक्षी ओळखणारं अ‍ॅप) वेडर्ससाठी विसंबू नका. ते नाव सुचवतं, आणि नाव एकदा डोक्यात बसलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

मोरजीची_भरती

गोव्याहून. पुढच्या वेळी मोरजीला या, शापोरा नदीच्या मुखाशी कुरवांचे थवे बसतात, थंडीत तिथे सकाळ कशी जाते कळत नाही. पुण्याहून एका दिवसात मात्र जमायचं नाही.

ठाणेकर_खाडीवाला

सगळे अक्षी अक्षी करताय, शनिवारी दहानंतर तिथे काय चालतं ते कुणी सांगत नाही. घोडागाड्या, वाळूवर चारचाकी, मोकाट कुत्री. एक कुत्रं धावलं की सगळा किनारा रिकामा.

साखरखाडीकर

खरं आहे. म्हणूनच रजा काढून आडवारी या. आणि लोक जिथे उतरतात तिथे थांबू नका, सुरूच्या बनाकडून खाडीच्या तोंडाकडे चालत जा. तिकडे वाळूत चिखल मिसळतो आणि रेडशँक, कर्ल्यू तिथेच असतात. चिखलात पाय घालू नका. वरून घट्ट दिसतो, गुडघ्यापर्यंत कधी जाता कळत नाही.

भरती पूर्ण झाली की वरच्या कोरड्या वाळूकडे बघायला विसरू नका. केंटिश प्लोव्हर गाडीच्या टायरच्या खाचेत पोट टेकून बसलेले असतात, नुसती डोकी वर. लोक त्यांच्यामधून चालत जातात आणि त्यांना पत्ता नसतो. अशा वेळी जवळ जाऊ नका. पाणी वर असेपर्यंत त्यांना खायला मिळत नाही, विश्रांतीची हीच वेळ. तुमच्यामुळे एकदा उडाले तर पुढचा माणूस पुन्हा उडवणारच आहे.

कालवफोड्या बघायचा असेल तर लाल चोच शोधा, लांबूनही चुकत नाही. नशीब असलं तर थवा असतो.

परत जाताना गावात शिलालेख बघा, शके ९३४चा मानतात. आणि पोपटीचा (मडक्यात भाजलेल्या शेंगांचा) हंगाम असेल, रात्री मुक्काम आहेच तर घरमालकांना आधी सांगून ठेवा. भांबुर्डीचा पाला मिळवायला त्यांना वेळ लागतो.

पाषाणची_पिंगळा

सगळ्यांचे मनापासून आभार. वद्य त्रयोदशी धरून शुक्रवारी रजा टाकली, जाऊन आलो. पावणेसातला किनाऱ्यावर, साडेनऊपर्यंत वाळूत आडवी. साखरखाडीकर दादा, पाणी चढताना पक्षी आपल्याकडे येतात हे नुसतं वाचून पटलं नव्हतं. भाच्याने प्लोव्हर एकीकडे, तुताऱ्या एकीकडे अशी वही केलीय. पोपटीही झाली.

आता मदत हवी. फोटो १: फिकट, काळी सरळ चोच, पाण्याच्या रेषेवर धावत होता. फोटो २ मधला सँड प्लोव्हर, चोच जाड वाटते. फोटो ३: प्लोव्हरच, पण बराच मोठा, करडा ठिपकेदार, चोच जाड काळी, एकटाच उभा. भाचा गोल्डन म्हणतोय. फोटो ४ मधल्या तुतारीच्या पायावर प्लास्टिकचा रंगीत तुकडा दिसतोय, अडकलाय का बिचाऱ्याच्या?

टिलवा_टिलवी

१ सँडरलिंग. खांद्यापाशी काळसर डाग दिसतोय तो त्याचाच.

२: चोच जाड आहे, पण लांब नाही. डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत मोजली तर कमीच भरते. पायही काळपट. लेसर, म्हणजे ईबर्डवर तिबेटन. जाड वाटण्याचं कारण तो तुमच्याकडे थोडा वळलाय.

४: अडकलेलं नाही! तो फ्लॅग आहे, अभ्यासक मुद्दाम लावतात. मूळ फाइल क्रॉप न करता ठेवा, रंग आणि त्यावरची अक्षरं वाचता येतात का बघा, कोणत्या पायावर आणि गुडघ्याच्या वर की खाली तेही लिहा, आणि तारीख-ठिकाणासह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. कधी कुठे पकडला होता ते समजू शकतं.

३ अवघड आहे. मला ग्रे वाटतो, पण उभ्या फोटोवरून पैज लावणार नाही. उडतानाचा एखादा आहे का? काखेत बघायचंय.

पाषाणची_पिंगळा

एक आहे, हललेला. पंख वर गेलेत आणि काखेत काळा डाग आहे, शाई सांडल्यासारखा. कंबर पांढरी.

टिलवा_टिलवी

मग ग्रे प्लोव्हर. गोल्डनची काख काळी नसते आणि कंबरही पांढरी नाही. हललेला फोटोच ईबर्डवर टाका, तपासणाऱ्याला तोच लागतो.